समुद्रातली नदी



शहापूर-मुरबाडकडच्या मुलांना पाणी नवे नसते. तानसा, भातसा, काळू या नद्या, त्यांच्या खोऱ्यांतली धरणे, गावोगावच्या विहिरी आणि पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे ओढे यांच्या सान्निध्यातच ती वाढतात. पाठीला डबा बांधून विहिरीत हातपाय मारायला शिकलेला मुलगा दहावीपर्यंत चांगला तयार झालेला असतो. मग डिसेंबर-जानेवारीत शाळेची सहल निघते. अलिबाग, मुरूड नाहीतर गुहागरचा समुद्र समोर येतो आणि ‘मला पोहता येते’ या भरवशावर मुले पाण्यात शिरतात.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल आली होती. त्या एका दुपारी १४ विद्यार्थी समुद्रात बुडून मरण पावले. दिवस हिवाळ्याचे होते. वादळ नव्हते, पाऊस नव्हता. अशा दुर्घटनेमागे एकच एक कारण नसते. भरती-ओहोटी, खोलीचा चुकलेला अंदाज, एकाला वाचवायला धावलेला दुसरा आणि मनाची घबराट अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. परंतु जगभरच्या किनाऱ्यांवर जे लोक बुडतात, त्यांतील फार मोठ्या संख्येच्या मागे पाण्याची एक विशिष्ट हालचाल असते. तिला इंग्रजीत ‘रिप करंट’ म्हणतात. मराठीत आपण तिला ‘परतप्रवाह’ म्हणू. तो का निर्माण होतो, कसा ओळखावा आणि त्यात सापडल्यास काय करावे, हे समजून घ्यायला शाळेतले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

लाट पाणी आणते का?

खोल समुद्रातली लाट पाहिली की पाण्याचा डोंगर आपल्याकडे चालून येत आहे असे वाटते. वस्तुतः पुढे सरकते ती ऊर्जा. पाण्याचा प्रत्येक कण जवळजवळ वर्तुळाकार फिरून आपल्या पूर्वीच्या जागेपाशी येतो. म्हणूनच खोल पाण्यातले लाकूड लाटेबरोबर वर-खाली, मागे-पुढे होते, पण लाटेच्या वेगाने वाहून जात नाही.

किनारा जवळ आला की चित्र पालटते. पाणी उथळ होते, लाटेचा पाय तळाला अडखळतो, ती उंच आणि तिरकी होत जाते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजे एक मीटर उंचीची लाट साधारण सव्वा मीटर खोलीवर फुटेल. फुटताना ती आपला संवेग पाण्याला देते आणि आता मात्र पाणी खरोखरच किनाऱ्याकडे ढकलले जाते. लाटेमागून लाट असे पाणी ढकलत राहिली की किनाऱ्यालगत पाण्याची सरासरी पातळी थोडीशी चढते. ही चढ लाटेच्या उंचीच्या साधारण दहावा ते पाचवा हिस्सा असते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. पण साचलेले पाणी कोठेतरी परत जायलाच हवे.

खाचराचा बांध आणि त्याची खांड

ते पाणी कोठून परत जाते हे कळण्यासाठी आपल्याकडचे भातखाचर डोळ्यांपुढे आणा. मुसळधार पावसात खाचर काठोकाठ भरते. बांध सगळीकडे सारखा उंच असेल तर पाणी त्यावरून पातळ थराने सर्वत्र ओघळेल. पण बांधाला एखाद्या ठिकाणी खांड पडली, की चारी बाजूंचे पाणी त्या खांडीकडे धाव घेते आणि तेथून जोराने बाहेर पडते. खाचराच्या मध्यावर संथ वाटणारे पाणी खांडीपाशी गवताची काडी सुसाट ओढून नेते.

वाळूच्या किनाऱ्यावर नेमके हेच घडते. लाटांनी उचललेली वाळू किनाऱ्यापासून काही अंतरावर, किनाऱ्याला समांतर अशा उंचवट्याच्या रूपाने साचते. हा समुद्राने पाण्याखाली घातलेला बांधच होय. तो अखंड नसतो. त्यात मधूनमधून खोलगट वाटा असतात. बांधावर पाणी उथळ, म्हणून तेथे लाटा फुटतात आणि आतल्या बाजूची पातळी चढते. खांडीत पाणी खोल, म्हणून तेथे लाटा फारशा फुटत नाहीत आणि पातळीही कमी चढते. पाणी उंच पातळीकडून सखल पातळीकडे जाणार, हा नियम तर आपल्याला ठाऊकच आहे. बांधाआडचे पाणी दोन्ही बाजूंनी किनाऱ्याला धरून वाहत खांडीपाशी येते, तेथे वळते आणि अरुंद धारेच्या रूपाने समुद्राकडे निघते. फुटणाऱ्या लाटांची रेषा ओलांडली की ही धार पंख्यासारखी पसरते आणि विरून जाते.

खलाशांना आणि किनाऱ्यावरच्या लोकांना ही ओढ फार पूर्वीपासून माहीत होती, पण तिच्याबद्दल गैरसमजही बरेच होते. कोणी तिला भरती-ओहोटीचा प्रताप मानी, कोणी तळाशी खेचणारा प्रवाह म्हणे. अमेरिकन भूशास्त्रज्ञ फ्रान्सिस शेपर्ड यांनी १९३६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून ‘रिप करंट’ हे नाव सुचवले. पुढे १९६४ साली मायकेल लाँगेट-हिगिन्स आणि रॉबर्ट स्टुअर्ट या शास्त्रज्ञांनी लाटा आपल्याबरोबर संवेग कसा वाहून आणतात याचे गणित स्पष्ट केले आणि परतप्रवाहाची उपपत्ती पक्क्या पायावर उभी राहिली.

थोडे गणित

बांधाआडची पातळी खांडीतल्या पातळीपेक्षा फक्त ५ सेंटिमीटरने अधिक आहे असे समजू. धरणाच्या दरवाजातून सुटणाऱ्या पाण्याच्या वेगासाठी आपण जे सूत्र वापरतो, तेच येथे ढोबळमानाने लावता येईल: वेग हा (२ × गुरुत्वत्वरण × पातळीतील फरक) याच्या वर्गमुळाइतका. गुरुत्वत्वरण ९.८ आणि फरक ०.०५ मीटर घेतल्यास गुणाकार ०.९८ येतो. त्याचे वर्गमूळ ०.९९, म्हणजे वेग सेकंदाला जवळजवळ १ मीटर! तळाशी होणाऱ्या घर्षणामुळे प्रत्यक्ष वेग यापेक्षा कमी भरतो. पण चार बोटांहूनही कमी अशा उंचीच्या फरकात केवढी शक्ती दडलेली असते, ते या आकड्यावरून ध्यानात येईल.

दुसऱ्या वाटेनेही हेच उत्तर मिळते. समजा, १०० मीटर लांबीच्या बांधावरून पाणी सेकंदाला अवघे १० सेंटिमीटर वेगाने आत येत आहे आणि बाहेर जायला तेवढ्याच खोलीची पण १० मीटर रुंदीची एकच वाट आहे. जेवढे पाणी आत, तेवढेच बाहेर. रुंदी दहापट कमी झाली, तेव्हा वेग दहापट वाढून सेकंदाला १ मीटर झाला पाहिजे. कमरेएवढ्या पाण्यात आत येताना जी हालचाल जाणवलीही नाही, ती बाहेर पडताना माणसाचे पाय उचलते.

प्रत्यक्ष मोजमापांत परतप्रवाहाचा वेग बहुधा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास आढळतो. लाटा मोठ्या असल्या की तो वाढतो आणि क्वचित सेकंदाला २ मीटरच्याही वर जातो. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचा जागतिक विक्रम ४६.४० सेकंदांचा झाला. त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २.१५ मीटर येतो. म्हणजे जोरदार परतप्रवाहात जगज्जेता पोहणाराही किनाऱ्याकडे तोंड करून जागच्या जागीच राहील.

पट्टीचा पोहणारा का बुडतो?

‘पोहणाराच बुडतो’ असे आपल्याकडे म्हणतात. त्याला धीटपणा हे एक कारण झाले. दुसरे कारण पदार्थविज्ञानात आहे. पोहणाऱ्याला होणारा पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्या विरोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आरामात पोहणारा मुलगा सेकंदाला एक मीटर वेगाच्या प्रवाहात सापडला, तर नुसते जागेवर टिकून राहण्यासाठी त्याला नेहमीच्या आठपट शक्ती खर्च करावी लागेल. असे कोण किती वेळ करू शकेल? मिनिट-दोन मिनिटांत दम संपतो. किनारा तर आणखीच दूर गेलेला दिसतो. मग घबराट, मग नाकातोंडात पाणी.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. परतप्रवाह माणसाला खाली खेचत नाही, तो दूर नेतो. बुडवतो तो थकवा. शिवाय समुद्राचे पाणी आपल्या तानसाच्या पाण्यापेक्षा जड असते. गोड्या पाण्याचा एक घनमीटर १,००० किलोग्रॅमचा, तर समुद्राच्या पाण्याचा सुमारे १,०२५ किलोग्रॅमचा. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ५० लिटर आकारमानाच्या शरीराला खाऱ्या पाण्यात सव्वा किलोग्रॅम वजनाएवढा अधिक आधार मिळतो. छाती भरून श्वास घेतलेले आणि उताणे पडलेले शरीर समुद्रात विहिरीतल्यापेक्षा सहज तरंगते. घाबरल्यावर श्वास आखूड होतो, फुप्फुसातली हवा कमी राहते आणि हा आधार आपण आपल्याच हाताने गमावतो.

या नदीचा काठ कोणता?

पावसाळ्यात काळू किंवा भातसेच्या पाण्यात ओढला गेलेला जाणता माणूस धारेच्या विरुद्ध कधीच पोहत नाही. तो धारेबरोबर वाहत जातो आणि तिरके पाणी कापत काठ गाठतो. नदीचा काठ प्रवाहाच्या बाजूला असतो, हे त्याला उपजत ठाऊक असते.

परतप्रवाह ही समुद्रातली एक लहानशी नदीच आहे. तिला उगम आहे, पात्र आहे, मुख आहे. मग तिचे काठ कोठे? तेही डाव्या-उजव्या बाजूलाच, जेथे बांधावर लाटा फुटत आहेत तेथे. समोर दिसणारी वाळू हा या नदीचा काठ नव्हे, तो तिचा उगम आहे! तानसाच्या पुरात सापडलेला कोणी धरणाच्या दिशेने पोहत सुटला तर आपण त्याला वेड्यात काढू. समुद्रात मात्र जमीन समोर दिसत असल्यामुळे शहाणा माणूसही तेच करतो. विहिरीत शिकलेल्या मुलाला तर जवळचा कठडा सरळ रेषेत गाठायची सवयच असते आणि ती येथे त्याचा घात करते.

नावेने नदी पार करण्याची उदाहरणे तुम्ही सोडवलेली आहेत. तेच गणित येथे करू. प्रवाहाची रुंदी २० मीटर, वेग सेकंदाला १ मीटर, मुलगा बरोबर मध्यावर आणि त्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. तो किनाऱ्याकडे पोहत राहिला तर मिनिटाभरात ३० मीटर आणखी आत जाईल. किनाऱ्याला समांतर पोहला तर १० मीटर अंतर तोडायला त्याला २० सेकंद लागतील. तेवढ्यात तो २० मीटर आत जाईल खरा, पण प्रवाहातून बाहेर पडलेला असेल. तेथून पुढे फुटणाऱ्या लाटाच त्याला किनाऱ्याकडे लोटतील. कदाचित बांधावर त्याचे पायही टेकतील.

समांतर पोहण्याचे त्राण नसेल तर? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेमी मॅकमॅहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, फ्रान्स व इंग्लंड येथील किनाऱ्यांवर उपग्रहाद्वारे स्थान सांगणारी उपकरणे बसवलेले तरंगक परतप्रवाहांत सोडले. त्यांतील सुमारे ८० ते ९० टक्के तरंगक खुल्या समुद्रात न जाता मोठ्या भोवऱ्यासारखे फिरून पुन्हा उथळ बाजूला आले. सर्वच किनाऱ्यांवर असे होईलच असे नाही. परंतु धडपड न करता तरंगत राहणे ही पहिली पायरी का, हे यावरून कळते. तेव्हा क्रम असा ठेवावा: प्रथम उताणे होऊन श्वास सावरावा, एक हात उंच करून मदत मागावी, आणि प्रवाहाची दिशा ध्यानात आल्यावर लाटा फुटत असलेल्या बाजूकडे सावकाश पोहत जावे. एका बाजूला पाणी अडवते असे वाटल्यास दुसरी बाजू धरावी.

ओळखावा कसा?

परतप्रवाहाचे फसवे रूप म्हणजे त्याची शांतता. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फेसाच्या लाटा फुटत आहेत आणि मध्येच काळपट, गुळगुळीत पाण्याची वाट आहे, अशी जागा नवख्याला सर्वांत सुरक्षित वाटते. तेथे लाटा अंगावर येत नाहीत म्हणून लहान मुलांना घेऊन लोक नेमके तेथेच उतरतात. वास्तविक तीच खांड असते. फेस, पालापाचोळा किंवा गढूळ वाळूमिश्रित पाणी समुद्राकडे जाताना दिसले तर खात्रीच समजावी. या खुणा थोड्या उंचावरून अधिक स्पष्ट दिसतात.

प्रवाहाचा जोर सदैव सारखा नसतो. लाटा गटागटाने येतात. मोठ्या लाटांचा गट येऊन गेला की साठलेले पाणी एकदम सुटते. ६ फेब्रुवारी १९३८ रोजी ऑस्ट्रेलियातील बाँडाय किनाऱ्यावर वाळूच्या बांधावर उभे असलेले शेकडो लोक अशाच मोठ्या लाटांनंतर खोल पाण्यात ओढले गेले. जीवरक्षकांचा मोठा ताफा हजर होता म्हणून सुमारे २५० जणांना बाहेर काढता आले, तरीही ५ जण दगावले.

लाटा उठायला वादळ जवळ असावे लागत नाही. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर अरबी समुद्रात होते, तरी त्याच्या लाटांनी किनारा खवळलेला होता. त्या दिवसांत जुहूच्या समुद्रात चार मुलांचा बळी गेला. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांच्या पूर्वसूचना देते. सहलीच्या आदल्या दिवशी शिक्षकांनी ती सूचना जरूर पाहावी. आपल्या कोळी बांधवांनी पावसाळ्यात समुद्र वर्ज्य मानला आणि नारळी पौर्णिमेनंतरच होड्या लोटण्याचा रिवाज पाळला, त्यामागेही पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

भरती-ओहोटी हे परतप्रवाहाचे कारण नाही, कारण लाटा हेच आहे. मात्र ओहोटीला बांधावरचे पाणी उथळ होते, लाटा अधिक फुटतात, परतीचे पाणी खांडीतच कोंडते आणि पुष्कळ किनाऱ्यांवर प्रवाह जोर धरतो. खाडीच्या मुखाशी मात्र ओहोटीचा स्वतंत्र प्रवाह असतो. आपली तानसा वज्रेश्वरी-गणेशपुरीवरून वाहत पुढे वैतरणेला मिळते आणि वैतरणा अर्नाळ्याच्या उत्तरेस समुद्राला मिळते. अशा मुखाशी ओहोटीच्या वेळी सारी खाडीच समुद्राकडे निघालेली असते. तो प्रवाह रुंद असतो आणि तासन्‌तास टिकतो. तेथे पाण्यात उतरूच नये.

वर्गात करून पाहा

एका मोठ्या, उथळ ट्रेमध्ये ओल्या वाळूने एका बाजूला उतरता किनारा करा. त्यापासून वीतभर अंतरावर, त्याला समांतर असा वाळूचा बांध घाला. त्याची दोन्ही टोके ट्रेच्या कडांना टेकवा आणि मध्ये दोन बोटे रुंदीची खांड ठेवा. बांध जेमतेम बुडेल इतके पाणी भरा आणि त्यावर चिमूटभर लाकडाचा भुसा टाका. आता पेल्याने बांधाच्या आतल्या बाजूला, दोन्ही टोकांशी, हळूहळू पाणी ओतत राहा. भुसा किनाऱ्याच्या कडेने सरकत खांडीकडे जाईल आणि तेथून झपाट्याने बाहेर पडेल. नंतर बांधाला दुसरी खांड पाडा आणि पहिल्या धारेचा वेग कमी होतो का ते पाहा.

वाचवणाऱ्याने काय करावे?

अनेक दुर्घटनांत बुडणाऱ्याला वाचवायला धावलेला माणूसच प्राण गमावतो. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो आणि दोघेही खाली जातात. म्हणून मागोमाग उडी घेऊ नये. तरंगणारी वस्तू फेकावी: हवा भरलेली ट्यूब, झाकण लावलेला पाण्याचा रिकामा कॅन, थर्माकोलचा खोका. त्याला दोर बांधलेला असेल तर उत्तमच. काठावरून हाताने ‘बाजूला पोह’ अशी खूण करावी, जीवरक्षकाला किंवा जवळच्या कोळ्यांना हाक मारावी, ११२ क्रमांकावर कळवावे आणि बुडणाऱ्यावरची नजर ढळू देऊ नये. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था आहे. जेथे लाल-पिवळे निशाण असेल, तेथे जीवरक्षकांचे लक्ष असते. नुसते लाल निशाण असेल तर पाण्यात जायचे नाही. आपल्या कोकणातल्या पुष्कळ किनाऱ्यांवर मात्र निशाणही नसते आणि जीवरक्षकही नसतो.

तेथे आपले डोळेच उपयोगी पडतील. सहल किनाऱ्यावर पोचली की शिक्षकांनी सर्वांना पंधरा मिनिटे वाळूवरच थांबवावे. लाटा कोठे फुटतात, कोठे फुटत नाहीत, फेस कोणीकडे चालला आहे, याचा नकाशा प्रत्येकाने वहीत काढावा आणि खांड कोठे असेल ते ठरवावे. गावातल्या एखाद्या कोळ्याला तो नकाशा दाखवून विचारावे. त्याने मान हलवली तरच, आणि तेही गुडघाभर पाण्यापर्यंतच, मुलांना सोडावे.